चमकुरा कोणता आणि हत्तीचा कान कोणता?



रेणापूरच्या मागच्या बैठकीत नेहमीप्रमाणे कापसाच्या भावाचे बोलणे चालले होते. एवढ्यात मागच्या बाजूने एक बहीण उठली, पुढे आली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले एक पान तिने टेबलावर टाकले. पान एवढे मोठे की आमची हिशेबाची वही त्याखाली झाकून गेली. "दादा, ह्यो चमकुरा हाय का न्हाई, तेवढं आधी सांगा. मग तुमचं भावाचं बोलत बसा."

टेबलामागे बसलेल्या आम्ही तिघांनी तीन उत्तरे दिली. एकजण म्हणाला चमकुरा, दुसरा म्हणाला अळू, तिसरा म्हणाला अरवीचे पान. गंमत अशी की तिन्ही नावे एकाच झाडाची आहेत आणि टेबलावरचे पान त्या झाडाचे नव्हतेच. बाजारभाव तोंडपाठ असणारे आम्ही लोक, परसातली भाजी ओळखू शकलो नाही. हे आधी कबूल करून टाकतो.

प्रकार असा झाला होता. त्यांच्या गावात एक माणूस कंदाची पोती घेऊन आला. "हत्तीच्या कानाएवढे पान, मुंबईच्या हॉटेलात मागणी, कंदही आम्हीच उचलणार, पानेही आम्हीच उचलणार," असे छापील कागदावर सांगून गेला. तिच्या दिराने बोअरच्या पाण्यावर गुंठाभर लावण केली. पाने भराभर वाढली. सासूबाईंनी हौसेने चार पाने खुडून वड्या केल्या. पहिला घास घेतल्याबरोबर चौघांच्या जिभेला आणि घशाला सुया टोचल्यासारखे झाले, ओठ सुजले, लहान पोराला रात्री दवाखान्यात न्यावे लागले. पोरगा बरा आहे. कंदवाल्याचा फोन मात्र त्या दिवसापासून बंद आहे आणि पावती कुणाकडेच नाही.

सफेद मुसळी, कोरफड, जट्रोफा, इमू, कडकनाथ. "लावा तुम्ही, उचलतो आम्ही" हे गाणे मराठवाड्याने किती वेळा ऐकले याची मोजदाद आता राहिलेली नाही. त्या रांगेत आता चमकुरासुद्धा येऊन बसणार असेल तर त्याची नीट ओळख करून घेतलेली बरी.

पहिला घोळ नावाचा. लातूर-नांदेडकडे आपण चमकुरा म्हणतो, पुण्या-मुंबईकडे अळू म्हणतात. बाजारात त्याचेच लहान कंद अरवी नाहीतर अळकुड्या म्हणून विकतात. पान घेणाऱ्याला आणि कंद घेणाऱ्याला पुष्कळदा ठाऊकही नसते की दोन्ही एकाच झाडाची आहेत. तेलंगणात त्याला चेमकूर म्हणतात, कूर म्हणजे भाजी. आता हा शब्द बोधनकडून आपल्याकडे आला की आपल्याकडून तिकडे गेला, हा वाद नांदेडच्या मंडळींनी मिटवावा.

'हत्तीचा कान' हे शहरातल्या नर्सरीवाल्यांचे नाव. त्या नावाखाली ते पाच-सहा वेगवेगळी झाडे विकतात. त्यांत खरा अळू असतो, कोकणात ज्याला कासाळू आणि बंगालकडे मानकचू म्हणतात ते धिप्पाड झाड असते, अमेरिकेकडून आलेली बाणाच्या टोकासारख्या पानांची जात असते, आणि लाल-पांढऱ्या ठिपक्यांची नुसती शोभेची झाडेही असतात. बंगल्याच्या दारात ठेवायला सगळीच चांगली. ताटात वाढायची वेळ आली की फरक पडतो. त्या बहिणीने आणलेले पान कासाळूचे होते. बंगालात त्याचा कंद सोलून, शिजवून खातात, पण ते काम जाणत्या हाताचे आहे. आपल्या वडीच्या रीतीने त्याचे पान खायला घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे.

मग ओळखायचे कसे? पान उलटे करून हातात धरा. चमकुऱ्याचा देठ पानाच्या खाचेत जोडलेला नसतो. खाचेपासून दोन-चार बोटे आत, पानाच्या पाठीला तो चिकटलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. पान सरळ केले की वरच्या बाजूला त्या जागी एक ठिपका दिसतो, बऱ्याचदा जांभळट. कासाळूच्या वाढलेल्या झाडाचा देठ थेट खाचेत येऊन मिळतो. त्या अमेरिकी जातीचेही तसेच. शिवाय तिच्या पानाच्या कडेने आतून एक शीर फिरलेली असते, साडीला काठ असावा तशी.

दुसरी खूण चार पावले लांबून दिसते. चमकुऱ्याचे पान मान खाली घालून असते, शेंडा जमिनीकडे. कासाळूचे पान ताठ उभे, शेंडा आभाळाकडे. झाड जुने झाले की कासाळूला जमिनीवर मनगटापेक्षा जाड खोड येते आणि त्यावर झडलेल्या देठांच्या कड्या दिसतात. चमकुऱ्याला असे खोड येत नाही. त्याचा मोठा गड्डा जमिनीतच राहतो आणि त्याच्याभोवती पिल्ले धरतात.

पाण्याचा थेंब पानावर मोत्यासारखा पळाला की चमकुरा, असे जुनी माणसे सांगतात. थेंब पळतो हे खरे, पण तेवढ्या एकाच खुणेवर वडी लाटू नका. लहान रोपावरूनही निकाल देऊ नका. कासाळूच्या कोवळ्या रोपाचा देठही थोडा आत जोडलेला असतो आणि तिथेच माणूस फसतो. ठिपक्यांच्या शोभेच्या झाडाचा देठही आत असतो, मात्र त्याच्या रंगावरून ते लगेच कळते.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ओढ्याच्या काठाला, कालव्याच्या गळतीवर आपोआप वाढणारा रानचा अळू असतो. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा त्याला लागू पडतात, कारण जात तीच आहे. तरी तो घशाला असा खाजतो की खाणारा जन्मभर वडीचे नाव काढणार नाही. म्हणजे पुस्तकातल्या सगळ्या खुणा जुळल्या तरी पान खाण्याजोगे असेलच असे नाही. हे कळायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. ज्या घरात त्या झाडाची भाजी, त्या झाडाच्या वड्या वर्षानुवर्षे खाल्ल्या जातात, त्या घरचा कंद आणायचा.

हे सांगताना आम्ही काही नवे सांगत नाही. माहेरी गेलेली लेक परत येताना पिशवीत दोन कंद घेऊन येते, शेजारीण तिच्याकडून एक मागून नेते, असाच चमकुरा या गावातून त्या गावात गेला. कंदातून येणारे झाड आईचीच हुबेहूब नक्कल असते. जो कंद आजीच्या परसात खाजत नव्हता, तो नातीच्या परसातही बहुतेक खाजणार नाही. या बियाण्याला पिशवी नाही, लेबल नाही, कंपनी नाही. कापसाच्या बियाण्यासाठी आपण दरवर्षी दुकानाच्या दारात उभे राहतो. निदान चमकुऱ्यासाठी तरी ती वेळ आणून घेऊ नका.

खाज कशाची असते? या कुळातल्या झाडांच्या पानात, देठात, कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया जुड्या बांधल्यासारख्या भरलेल्या असतात. कच्चे पान चावले की त्या जिभेत आणि घशात रुततात. म्हणून आपल्या बायका पाने चिरताना हाताला तेल लावतात, देठ सोलून घेतात, चिंच, आंबट चुका किंवा ताक घालतात आणि पान चांगले शिजवतात. यातले एकही काम वेळ नाही म्हणून गाळू नये. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी बेतानेच खावी. चुकून कुणाला बाधलीच तर चूळ भरायला लावा, गार दूध किंवा दही द्या, ओकारी काढायला लावू नका. जीभ सुजून लाळ गळायला लागली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा.

आता लावणीचे. बैठकीत दोघा-तिघा तरुणांनी विचारले, की खरा चमकुरा मिळाला तर एकरभर लावावा का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने लावू नये. हे पीक कोकणच्या पावसाचे आणि दलदलीचे. आपल्याकडे पाऊस साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर, तोही मृग ते हस्त यांच्यामध्ये मनाला येईल तसा पडणारा. ज्वारी तेवढ्यात भागवते, चमकुरा भागवत नाही.

हिशेब मांडू. उन्हाळ्यात भरल्या वाफ्यातून दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरा. एक चौरस मीटरला आठ लिटर, एकराला ३२ हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर दररोज, आणि वर थोडे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातूरला आली तेव्हा तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती अख्खी गाडी चमकुऱ्याच्या एका एकराला पंधरा दिवस पुरली असती. ज्या जिल्ह्याने रेल्वेचे पाणी प्यायले, तिथे या पिकाचे मळे लावायला सांगणारा माणूस एक तर अडाणी असला पाहिजे नाहीतर लबाड.

पण हाच हिशेब उलट बाजूने केला तर चित्र बदलते. घरात पाच माणसे, प्रत्येकाच्या अंघोळीला पंधरा लिटरच्या दोन बादल्या. रोजचे दीडशे लिटर पाणी मोरीतून बाहेर पडते आणि वाया जाते. आठ लिटरच्या हिशेबाने ते १८-१९ चौरस मीटरला, म्हणजे जवळजवळ दोनशे चौरस फुटांना पुरते. थोडे वाटेत मुरेल, म्हणून दीडशे धरा. दोन-दोन फुटांवर कंद लावला तर पस्तीस-चाळीस झाडे होतात. घरच्या खाण्याला, सणावाराला आणि शेजारी द्यायला भरपूर झाली. आपल्या भागात चमकुऱ्याची जागा ही, न्हाणीच्या मागची. आपल्या आयांनी ती कधीच ओळखली होती.

नांदेडकरांचा यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेतले, उघडी गटारे बुजवली, डास हटवले. पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून त्याचे नाव झाले. मग आम्ही पुन्हा डबकी करायला सांगतो आहोत का? मुळीच नाही. चमकुऱ्याला ओल लागते, डबके लागत नाही. शोषखड्ड्यापासून हातभर अंतर सोडून झाडे लावा, पाणी साचेल असा खळगा ठेवू नका. खड्डा नसेल तर मोरीचे पाणी सरीतून फिरवा आणि आज या कडेला, उद्या त्या कडेला सोडा. अंघोळीचे पाणी चालते. कपड्यांच्या पावडरीचे आणि सोड्याचे पाणी मात्र वेगळे काढा, आपली जमीन आधीच खारट होण्याच्या वाटेवर आहे.

याहून गंभीर एक सवय आहे. कापसावर फवारून आल्यावर पंप कुठे धुतो आपण? मोरीत. ते पाणी कुठे जाते? चमकुऱ्याच्या मुळाशी. पानही तेच, सरकीच्या औषधाचे शिंतोडे अंगावर घेतलेले, संध्याकाळी चुलीवर चढते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. पंप शेतातच धुवा, विहीर-ओढ्यापासून लांब. ज्या मोरीत पंप धुतला जातो तिच्या मागे भाजी लावू नका. हे घरातल्या बाईने नवऱ्याला बजावून सांगितले पाहिजे, कारण आमचे लेख वाचून कुणी पंपाची जागा बदलल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही.

बाकी लागवड सोपी आहे. मृगाच्या तोंडावर अंगठ्याएवढा, पंचवीस-तीस ग्रॅमचा निरोगी कंद दोन-तीन इंच खोल लावा, डोळा वर ठेवून. मोरीला बारमाही पाणी असेल तर माघ-फाल्गुनातही लावता येतो. आपल्या काळ्या चिकट जमिनीत कंद नीट पोसत नाहीत, वेडेवाकडे होतात. म्हणून आपण पानासाठी लावायचे, कंद मिळाले तर वरकमाई. शेणखत सढळ हाताने घाला. चुलीची राख मात्र घालू नका. राखेने बळ येते असे सर्रास सांगतात, पण चुनखडीच्या जमिनीत आधीच लोह लागू पडत नाही. पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तीच तक्रार समजा. पश्चिमेची गरम झळ लागू नये म्हणून केळीच्या किंवा भिंतीच्या सावलीला लावले तर पान कोवळे राहते. दोन-अडीच महिन्यांनी बाहेरची पाने कापायला सुरुवात करा, आतली तीन-चार कायम ठेवा. पाणी आटले की पाने झडतात आणि कंद जमिनीत झोपून राहतो, पाऊस पडला की पुन्हा डोके काढतो. फारच कडक उन्हाळा असेल तर काही कंद काढून घरात कोरड्या वाळूत ठेवावेत, म्हणजे बी मोडत नाही.

वडीला काळ्या देठाचा, पातळ भाजीला हिरव्या देठाचा अशी आपली जुनी वाटणी आहे. दोन्ही ठेवा, आणि हे केवळ चवीसाठी सांगत नाही. १९९३ साली, म्हणजे किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षी, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर अळूवर करपा पडला. तिकडे अळू हे जेवणातले मुख्य अन्न, जशी आपली भाकरी, आणि परदेशी विकायचा मालही तोच. निर्यातीला एकच जात चालते म्हणून बहुतेकांनी तीच एक जात लावली होती. कंदाचे पीक, म्हणजे सगळ्या शेतांत जणू एकच झाड. करपा एकाला लागला तो सगळ्यांना लागला आणि पुढच्या वर्षी निर्यात जवळजवळ शून्यावर आली. पलाऊ वगैरे लांबच्या बेटांवरचे सोशिक वाण आणून, संकर करून ते लोक कित्येक वर्षांनी सावरले. आपण हसू नये. २००२ मध्ये बीटी कापूस आला, सगळ्या शिवारात तेच एक हत्यार राहिले, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले ते आपल्या बोंडांनी पाहिले आहे. करपा आपल्याकडेही पावसाळ्यात येतो. पानावर पाणी मुरल्यासारखे गोल तपकिरी डाग पडतात. असे पान दिसताच तोडून पुरा, झाडे दाटू देऊ नका.

विद्यापीठाची जात हवी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पानाची जात 'कोकण हरितपर्णी' आहे, आणि तिरुवनंतपुरमला १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिची 'मुक्ताकेशी' करप्याला बऱ्यापैकी तोंड देते, पण ती कंदासाठी.

विक्रीचे दोन शब्द. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आणि पितृपक्षात पानाला गिऱ्हाईक असते, एरवी तुरळक. पान दिवस-दोन दिवसांत मान टाकते, म्हणून लांबची बाजारपेठ विसरा. जुलै २०१६ पासून राज्यात भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हा जुडी बांधून रेणापूरच्या किंवा लातूरच्या दारोदारी विकायला कुणाची आडकाठी नाही. सणाच्या आठवड्यात बाईच्या हातात मीठ-मिरचीचे पैसे पडतील, एवढेच. यापेक्षा जास्त सांगणाऱ्याला पावती मागा.

पावतीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यात बियाणे म्हणजे फक्त दाणे नव्हेत, खाण्याच्या पिकांचे कंद, गड्डे, रोपे, कलमेही त्यात येतात. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक म्हणून ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, असे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सांगितले आहे. पण पावती नसेल तर विकणारा कोण, विकले काय, हे सिद्ध कसे करणार? त्या गावात कंद घेतलेली आणखीही घरे आहेत, एकाकडेही चिटोरे नाही. छापील कागद मात्र दोघांनी जपून ठेवला आहे, तो आम्ही मागवला आहे.

त्या बहिणीने गुंठा उपटून कंद बांधावर टाकले आहेत. जनावरे त्यांना तोंड लावत नाहीत. पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्या घरी खाण्यातला चमकुरा आहे त्यांनी दोन-चार कंद आणि एक पान देठासकट आणावे. काळ्या देठाचा आणि हिरव्या देठाचा वेगळ्या पिशवीत, पिशवीवर गावाचे नाव. ज्यांनी कुणा फिरत्या माणसाकडून कंद घेतले असतील त्यांनी जो काही कागद असेल तो आणावा. बैठकीच्या सुरुवातीला अर्धा तास पाने ओळखायला राहील, कापसाच्या भावाचे त्यानंतर बोलू.